दूधवाल्याच्या घरचा बिनदुधाचा चहा

माझी नातसून रोज सकाळी गरम पाण्याच्या कपात दोरा लावलेली कागदी पुडी सोडते, ती वरखाली करते आणि तोंड वाकडं करून ते पाणी पिते. वजन उतरावं म्हणून. परवा मला म्हणाली, "आजी, तुम्हीपण घ्या. ग्रीन टी फार गुणाचा असतो." मी तिला म्हटलं, बाई, मी हा चहा निजामाचं राज्य होतं तेव्हापासून पितेय. तेव्हा माझ्या अंगावर उतरवायला वजनच नव्हतं. चांगला लागतो म्हणून प्यायले, आणि अजूनही तेवढ्यासाठीच पिते. तोंड वाकडं होत असेल तर पिऊ नये, दुसरं काही प्यावं.

आमचं घर बेगमपुऱ्यात होतं. बापाच्या चार म्हशी होत्या आणि गावात दुधाचे रतीब होते. लोकांना वाटे, यांच्या घरी दुधातुपाची चंगळ असणार. चंगळ कसली? सकाळचं दूध निघालं की ते सगळं कासंड्यांतून बापाबरोबर बाहेर जाई. दूधवाल्याच्या घरी दूध दिसतं, मिळत नाही. आम्हाला खालचं खरवडायला मिळे, त्यातही मांजराचा वाटा असे.

आमच्या परसाला लागून हिमरूचं भरजरी कापड विणणाऱ्याचं घर होतं. मध्ये छातीइतकी भिंत. विणकराच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, अंगानं जाड आणि आवाजानं त्याहून जाड. हिरव्या पत्तीचा चहा तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. "हमारे बुजुर्ग बुखारा से आए," असं ती दर चार दिवसांनी सांगायची. बुखारा कुठं आहे हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी चौथीपर्यंत शाळा शिकले. आमच्या पुस्तकात तो गाव आला नव्हता. पत्ती मात्र मुंबईहून येई. तिचा भाऊ तिथं सुक्यामेव्याच्या दुकानात होता, तो डबा पाठवायचा.

एकदा मी भिंतीला टेकून शेण थापत होते. खाला पलीकडं पितळी घेऊन बसली होती. मी विचारलं, "काय पितेस गं खाला, पाणी का काढा?"

"चाय है. सब्ज चाय."

"दूध कुठाय मग?"

"दूध तेरे बाप के पास," ती म्हणाली. "वह पानी मिलाके बेचता, मैं पानी में पत्ती मिलाके पीती. दोनों का काम पानी पे चलता."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मी रागावले नाही.

तिनं मला पत्ती दाखवली. बारीक गोळ्या होत्या, वाळल्या मिरीच्या दाण्यांसारख्या. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, शंभर आकडे मोजायचे, मग चिमूटभर गोळ्या टाकून झाकण ठेवायचं. पुन्हा चुलीवर ठेवला की कडू झालाच. झाकण काढलं की गोळ्या उलगडून खरीखुरी पानं झालेली असत. एक वेलदोडा ठेचून टाकायचा. साखर चहात घालायची नाही. खडीसाखरेचा खडा गालात धरायचा आणि त्याच्यावरून चहा ओढायचा. एका खड्यात अख्खी पितळी जाते. पहिला घोट गवतासारखा लागला, दुसरा बरा, तिसऱ्याला मी खाली बसले. पोटाला जड नाही, तोंडाला चिकट नाही, आणि प्यायल्यावर डोकं धुतल्यासारखं होतं. दुधाचा चहा प्यायला की मला झोप येते. हा प्यायला की काम सुचतं.

माय आधी चिडली. चिडायला कारण होतं. आमच्याकडं कोरा चहा मयताच्या घरी देतात. ज्या घरात कोणी गेलं त्या घरात दूध लावायचं नाही, आल्यागेल्याला बिनदुधाचा चहा द्यायचा, आणि येणाऱ्यानंही तो मुकाट घोटभर घ्यायचा. "सगळे जिते असताना मयताचा चहा काय ढोसतीस?" माय म्हणाली. दुसरी गोष्ट, खालाच्या घरचं पाणी आम्हाला चालत नसे. त्या वेळची रीतच तशी होती. मला ती तेव्हाही बिनडोक वाटे, पण माझं मत कोण विचारतंय? शेवटी मायनंच तोड काढली. पत्ती कोरडी, कोरड्याला विटाळ नाही. पाणी आपलं, भांडं आपलं, चूल परसातली. आणि प्यायचा तो भिंतीपाशी, घरात नाही. बापाला काही सांगायचं नाही.

झालं. रोज सकाळी बाप दूध घेऊन गेला की खाला भिंतीवरून कागदात पत्ती देई. तिची चूल पलीकडं, माझी अलीकडं. दोघी आपापला चहा करून भिंतीच्या दोन बाजूंना बसायचो. एकमेकींचं तोंड दिसत नसे, नुसतं सुर्र सुर्र ऐकू यायचं. ती नवऱ्याच्या कागाळ्या सांगे, मी म्हशींच्या. दोन वर्षं एक दिवस चुकला नाही. माझ्या डोळ्याला तो मयताचा कोरा चहा वाटेनासा झाला. तो माझा सकाळचा चहा होता, बस. चूक झाली ती यामुळंच.

मला सोळावं लागलं होतं. आता हसाल, पण तेव्हा सोळा म्हणजे घोडी झाली असं म्हणत. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला मी काळी वाटले, दुसऱ्याला उलट बोलते असं वाटलं. दोघांचंही बरोबर होतं. मग बिडकीनच्या एका दुजवरानं निरोप धाडला. त्याची तीन लेकरं होती आणि थोरली पोरगी माझ्या खांद्याला लागत होती. माणूस वाईट नसेल, पण मी त्याला एकदा रतिबाच्या घरी पाहिला होता. बसली जागा सोडत नव्हता, पाणीसुद्धा हातात लागत होतं. त्याच आठवड्यात पिशोरचं स्थळ आलं. मुलगा इथंच कापडगिरणीत मागावर होता. दुजवर नाही, मागं लेकरं नाहीत, शहरात खोली. बाप म्हणाला, "पिशोरवाले हो म्हणले तर ठीक. नाय म्हणले तर उद्याच्या उद्या बिडकीनला होकार धाडतो. मी आता थकलो." तो खोटं धमकावत नसे. पिशोर की बिडकीन, एवढाच प्रश्न होता, आणि तो एका दिवसात सुटायचा होता.

पाहुणे संध्याकाळी यायचे होते. तोवर म्हशी नदीवरून आल्या असत्या, ताजं दूध असतं, सगळं बेतानं ठरलं होतं. पण पिशोरच्या चुलत्याला कन्नडहून पहाटेचीच मोटार मिळाली. तो आला, पुतण्याला गिरणीतून सुट्टी काढायला लावली आणि भर दुपारी दोघं दारात. बाप नुकताच रतीब टाकून आला होता. माय चार दिवस बाजूला बसलेली, म्हणजे स्वयंपाकघर माझ्याकडं. बाप आत येऊन म्हणाला, "च्या टाक. चांगला कर."

दूध टिपूस नव्हतं. मांजरानं पातेलं चाटून लख्ख केलं होतं. गूळपाणी द्यावं, तर गिरणीतल्या माणसापुढं गूळपाणी बरं दिसेना. मी विचार केला, आपल्याकडं सगळ्यात चांगलं काय आहे? सकाळचीच पत्ती उरली होती. खडीसाखर होती. मायला विचारावं असं डोक्यातही आलं नाही, आणि ती पडली गोठ्याच्या कोपऱ्यात. मी पाणी उतरवलं, शंभर मोजले, वेलदोडे ठेचले. खरं सांगते, तितका चांगला चहा मी आधी कधी केला नव्हता. रंग असा उतरला होता की कपाच्या तळावरची रंगवलेली फुलं दिसावीत. आमच्या फुलांच्या चार कपबश्या खास पाहुण्यांसाठी होत्या, त्यांत ओतला, प्रत्येक बशीत खडीसाखरेचा खडा ठेवला आणि पदर घेऊन बाहेर गेले.

चुलत्यानं बशी हातात घेतली. कपात पाहिलं. मग माझ्याकडं, मग बापाकडं. कप खाली ठेवून त्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि मांडीवर घेतला.

"कोण गेलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

बापाला कळेना. "कोण गेलं म्हंजे? कुठं?"

"लपवू नका, पाव्हणं. सुतक हाय तर सांगायचं. आम्ही म्हैन्यानं आलो असतो. असल्या घरात सोयरिकीची बोलणी करायची व्हय?"

"अवो, कोण बी नाय गेलं!"

"मग ह्ये काय?" त्यानं कपाकडं बोट केलं. "दूध नाय, अन् रंग गोमूत्राचा. म्हंजे सुतक बी हाय, अन् फेडायचं बी चाललंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरदेवानं कप तोंडाशी नेला होता, तो त्यानं विस्तव धरल्यासारखा खाली ठेवला. बापानं आपल्या कपात पाहिलं आणि कोणी मेलेलं नाही हे दाखवायला एक मोठा घोट घेतला. त्यानं तो चहा कधी चाखलेला नव्हता. त्याचं तोंड असं झालं की आता मलाच शंका आली, घरात कोणी गेलं की काय.

चुलता गडी हुशार होता. त्यानं बापाच्या मिशांकडं पाहिलं. "मिशा तर हायेत. भावकीतलं सुतक असंल." मग म्हणाला, "कोण गेलं नाय ना? मग देव दाखवा."

सुतक असलं की घरच्या देवाची पूजा होत नाही. पूजा झालेली दिसली की झालं, एवढी साधी पारख. बाप त्याला ऐटीत घेऊन गेला. मी जागची हलले नाही, कारण मला माहीत होतं. माय बाजूला असली की पूजा माझ्याकडं. आणि त्या सकाळी खाला तिच्या जावेची गोष्ट सांगत होती. गोष्ट लांबली, दुसरी पितळी झाली, पूजा राहिली. देव कालच्याच सुकल्या झेंडूत बसले होते. कुंकवाचं बोट नाही, दिव्यात तेल नाही.

चुलता परत आला आणि पटका बांधायला लागला. "चल रे," पुतण्याला म्हणाला.

बाप माझ्याकडं बघत होता. त्या बघण्यात बिडकीन स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खाला सगळं ऐकत होती. ती कायमच ऐकत असे.

"अजी पाव्हणे! कोई नै मरा इनके घर में!" आणि ती वळसा घालून आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. "कोई मरता तो पहले मैं रोती. मेरा रोना तुमकू मकबरे तलक सुनाई देता. वह चाय मेरी है. यह छोरी मेरे साथ रोज पीती."

"रोज?" चुलता म्हणाला.

"रोज?" बाप म्हणाला.

"दो साल से," खालानं अभिमानानं सांगितलं.

वाचवायला आली आणि आणखी खोल ढकलून मोकळी झाली. आता गोठ्याच्या कोपऱ्यातून मायला राहवेना. ती तिथूनच ओरडली, "पत्ती कोरडी असती वो दादा! पाणी आपलं, भांडं आपलं! अन् पूजा ह्या भवानीनं आळसानं नाय केली, देवाची आण!"

चुलता पटका गुंडाळत होता, तो थांबला. मग हसला. "शिवाशिवीचं मला नगा सांगू. पिशोरात मोहरमची सवारी आमच्याच खांद्यावर असती. पण मला एक कळंना. मेलं कोणी नाय, तर दूधवाल्याच्या घरी दूध का नाय?"

बाप म्हणाला, "रतीब. सगळं जातं."

"घरच्यास्नी थेंब नाय?"

"नाय," बापाच्या आधी मीच म्हणाले.

"म्हशी कवा येत्यात?"

"चारच्या सुमाराला."

"मग बसतो," चुलता म्हणाला आणि पटका पुन्हा काढला. "दुधाचा च्या पेल्याबिगर मी काय उठत नाय. नायतर गावात सांगू काय, मयताला गेलतो म्हणून?"

दोन-अडीच तास ते बसले. बाप पावसापाण्याचं बोलत होता. नवरदेव वर माळवदाच्या छताकडं बघत होता. खाला भिंतीपलीकडं गेली, पण तिची भांडी वाजत नव्हती, म्हणजे ती कान लावून होती. मी तेवढ्यात अंघोळ केली, देव धुतले, फुलं घातली. उशिरा केली तरी पूजाच ती.

म्हशी आल्या. त्यांतली मोठी म्हैस लाथाळ होती. बापालाही जवळ येऊ देत नसे, मला देई. का ते तिलाच ठाऊक. चुलता गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. शेतकरी माणूस, त्याला चहापेक्षा म्हैस जास्त कळत होती. मी खाली बसले, कास धुतली, धारा सोडल्या. म्हशीनं एकदा पाय उचलला, मी कोपरानं ढकलला, तिनं परत ठेवला. चुलत्यानं पुतण्याला हात करून बोलावलं आणि दाखवलं. पुतण्यानं म्हैस बघितली का मला, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग दुधाचा चहा झाला. असा दाट, की चमचा उभा राहावा. चुलत्यानं दोन कप घेतले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "पोरगी पसंत हाय. काळी हाय, पण हात चांगला हाय." बापाचे खांदे खाली आले. तेवढ्यात चुलत्यानं बोट वर केलं. "एकच गोष्ट. तो पिवळा च्या आमच्या घरात नाय चालायचा. जित्या माणसाच्या घरात कोरा च्या म्हंजे यमाला आवतण. तो आजपास्नं बंद."

"बंद," बाप म्हणाला. "बोलायलाच नको."

मी दाराआड उभी होते. गप्प राहायचं एवढंच काम होतं. गप्प राहिले असते तर सगळं ठीक झालं असतं. पण मला पुढचं दिसत होतं. मी तिथं जाऊन चोरून पिणार, एक दिवस सापडणार, आणि मग जन्मभर ऐकावं लागणार की हिनं फसवलं. त्यापेक्षा जे व्हायचं ते आत्ता होऊ दे.

"बंद नाय व्हायचा," मी म्हणाले.

गोठ्यातून माय म्हणाली, "मेली ही."

चुलता म्हणाला, "काय म्हणली?"

"दुसऱ्या कोणाला देणार नाय. पण मी रोज पिते आणि रोज पिणार. आता हो म्हणून तिथं लपून प्यायले तर ते बरं का?"

बापानं डोक्याला हात लावला. चुलत्यानं मिशीवरून हात फिरवला. मग पुतण्याकडं वळला. "बघ बाबा. नांदवायची तुला हाय, मला नाय."

नवरदेव तोवर एक शब्द बोललेला नव्हता. मला वाटलं, मुका असावा. तो घसा साफ करून मला म्हणाला, "मी गिरणीतनं आल्यावर मला दुधाचा करून देशील?"

"दूध असलं तर देईन," मी म्हणाले.

भिंतीपलीकडून खाला फिदीफिदी हसली. मग चुलता हसला, मग बापही. नवरदेव हसला नाही. "मग तू तुझा पी," म्हणाला. "पण उंबऱ्याच्या बाहेर. म्हंजे काकाचं बी राहिलं अन् तुझं बी."

चुलत्यानं मान हलवली. मायनं कोपऱ्यातूनच साखर कुठं ठेवली आहे ते ओरडून सांगितलं. साखर वाटली, आणि बिडकीनला दुसऱ्या दिवशी नकाराचा निरोप गेला. त्या दुजवराचं पुढं महिन्याभरात दुसरीकडं जमलं, असं ऐकलं. बरं झालं.

खालानं लग्नात मला दुसरं काही दिलं नाही, पत्तीचा अख्खा डबा दिला. मी शब्द पाळला. गिरणीजवळच्या खोलीत चूल आत होती. मी आत चहा करायची आणि पितळी घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसायची. थंडी असो, ऊन असो. शेजारणींना वाटे, नव्या सुनेला घरातून बाहेर काढलं. एकीनं विचारलंही, "आत जागा नाय का गं?" मी म्हटलं, जागा आहे, परवानगी नाही. आठ-पंधरा दिवसांत नवरा आपला दुधाचा कप घेऊन पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसायला लागला. शेजारणींना त्यात प्रेम दिसलं. तसलं काही नव्हतं, खोलीत धूर फार व्हायचा.